अक्षराखालची नागमोडी रेघ

शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ग्रंथ लिहून झाला त्याला तोवर तीनशे वर्षे होत आली होती. एका पोथीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा नकला होत गेल्या आणि पाठ बिघडत गेले. कुठे शब्द बदलला होता, कुठे एखाद्या भाविकाने आपली ओवी मध्येच घुसडली होती. नाथांनी मिळाल्या त्या प्रती ताडून पाहिल्या, पाठ नीट केला आणि शेवटी बजावले की यापुढे कोणी आपली ओवी यात घालणे म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवणे होय. हे बजावणारा माणूस भागवतावर आणि रामायणावर हजारो ओव्या लिहिणारा कवी होता, हे विसरू नये. ज्ञानेश्वरांच्या शब्दांत स्वतःची चार अक्षरे मिसळणे त्याच्याइतके सोपे दुसऱ्या कुणालाच नव्हते. त्याने हात आवरला.

बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष देणे म्हणजे टापटीप, शिस्त, फार तर चोखंदळपणा, अशी आपली समजूत असते. अक्षर वळणदार हवे, हिशोब पैशापर्यंत जुळायला हवा. हे सगळे खरेच आहे. पण मला त्यामागची एक गोष्ट जास्त मोलाची वाटते. जो बारकाईने पाहतो त्याला आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही, यातली सीमा दिसू लागते. वरवर पाहणाऱ्याला ती सीमा कधीच दिसत नाही. त्याला सगळेच सारखे खात्रीचे वाटते. हे मला कुठे सर्वांत स्पष्ट दिसले असेल, तर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत.

संस्था १९१७ साली स्थापन झाली. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. सचित्र महाभारत निघावे ही त्यांची इच्छा होती आणि त्यासाठी त्यांनी एक लाख रुपयांचे आश्वासन दिले. १९१९ साली काम सुरू झाले आणि पुरे झाले १९६६ साली. सत्तेचाळीस वर्षे, एकोणीस खंड, १२५९ हस्तलिखिते. या कामाला पद्धत दिली ती १९२५ साली प्रमुख संपादक झालेल्या विष्णु सीताराम सुकथनकर यांनी. केंब्रिजला गणित शिकलेला आणि मग बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृत भाषाशास्त्रात मुरलेला हा माणूस. गणिताची सवय त्यांच्या प्रत्येक निर्णयात जाणवते.

काम कसे चाले ते पाहण्यासारखे आहे. एका श्लोकासाठी एक कागद, त्यावर चौकटी आखलेल्या. प्रचलित पाठातला श्लोक अक्षर अक्षर सुटे करून वरच्या ओळीत मांडायचा. मग एकेक पोथी घेऊन वाचायची आणि जिथे तिचे अक्षर निराळे असेल, तिथे त्या चौकटीखाली ते नोंदवायचे. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा वेगवेगळ्या लिप्या. बंगाली पोथ्यांचे काम शांतिनिकेतनात, दाक्षिणात्य पोथ्यांचे तंजावरला. एकट्या आदिपर्वाच्या २३५ पोथ्यांची नोंद झाली होती. त्यांतल्या साठ पोथ्यांचे पाठभेद छापील आवृत्तीत तळटीपांमध्ये आले.

पोथीत चूक कशी शिरते हे ज्याने नकलाकाराशेजारी मनाने बसून पाहिले आहे, त्यालाच ती काढता येते. घ आणि ध, म आणि भ, च आणि व ही अक्षरे घाईत एकमेकांची जागा घेतात. दोन ओळी एकाच शब्दाने संपत असतील तर डोळा पहिलीवरून थेट दुसरीवर उडी मारतो आणि मधला मजकूर नाहीसा होतो. या झाल्या थकव्याच्या चुका. याहून अवघड असतात त्या शहाणपणाच्या चुका. नकलाकाराला जुने, आर्ष रूप खटकते आणि तो ते व्याकरणशुद्ध करून टाकतो. एखादा प्रसंग अपुरा वाटतो आणि तो पुरा करतो. म्हणून दोन पाठांपैकी अवघड पाठ बहुधा जुना, असा पाठचिकित्सेचा नियम आहे. शिवाय इथे बहुमत चालत नाही. एकाच पोथीच्या पन्नास नकला निघाल्या तरी साक्षीदार एकच. पण काश्मीरची शारदा पोथी आणि केरळची मल्याळम पोथी, ज्यांचा एकमेकींशी संबंध येण्याचा संभव कमी, त्या एखाद्या शब्दावर जुळल्या तर ती साक्ष भारी ठरते.

या चौकटींतून काय निघाले, याचे सर्वांना चटका लावणारे उदाहरण सभापर्वातले आहे. द्रौपदीने कृष्णाचा धावा केला आणि त्याने वस्त्रे पुरवली, हे आपण कीर्तनातून, नाटकातून, आजीच्या तोंडून ऐकत आलो. फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादित केलेल्या सभापर्वाच्या मुख्य पाठात तो धावा नाही. वस्त्रामागून वस्त्र निघत राहते. ते कुठून आले, हे सांगितलेले नाही. हे काही कोणी बुद्धिवादाच्या भरात केलेले नाही. तसे असते तर उद्योगपर्वातला एक श्लोकही गेला असता. तिथे कृष्ण संजयाला म्हणतो की मी दूर असताना कृष्णेने, म्हणजे द्रौपदीने, ‘गोविंद’ म्हणून मला हाक मारली, ते ऋण वाढतच चालले आहे आणि मनातून जात नाही. सुशीलकुमार डे यांच्या संपादनात हा श्लोक जागच्या जागी आहे, कारण पोथ्यांची साक्ष त्याच्या बाजूने आहे. दोन पर्वांचा मेळ बसत नाही म्हणून कोणी तो ओढूनताणून बसवला नाही. मला या आवृत्तीतला हा सर्वांत थोर क्षण वाटतो. कथा सुसंगत करण्याचा मोह किती मोठा असतो, हे जो कुठलाही अहवाल, चरित्र किंवा इतिहास लिहितो त्याला ठाऊक असते.

आणि जे वगळले ते फेकले नाही. धावा तळटीपेत आहे. गणपती व्यासांचा लेखक झाला ती कथा परिशिष्टात आहे. कोणती ओळ कोणत्या पोथ्यांत सापडते याची नोंद तिच्यासोबत आहे. वाचकाला संपादकाचा निर्णय पटला नाही, तर निर्णय फिरवण्याची सगळी साधने त्याच पानावर दिलेली आहेत.

त्याच पानांवर काही अक्षरांखाली नागमोडी रेघ दिसते. अर्थ असा की इथला पाठ आम्ही निवडला आहे, पण तो निश्चित नाही. कधी अख्खा चरण, कधी एक शब्द, कधी शब्दातले एखादेच अक्षर. विचार करावा, केवढे हे धैर्य! राष्ट्राचा ग्रंथ म्हणून जग ज्याच्याकडे पाहते आहे, त्याच्या ओळीओळीखाली संपादक सांगतो की येथे मला खात्री नाही. आपण व्यासांच्या हातची प्रत देत नसून उपलब्ध पोथ्यांवरून जिथवर मागे जाता येते तिथवरचा पाठ देतो आहोत, हे सुकथनकरांनी प्रस्तावनेत स्वच्छ लिहिले. मोघम शंका कोणीही व्यक्त करतो. ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असे शेवटी लिहून मोकळे होणे सोपे. नेमकी कोणत्या अक्षरापाशी शंका आहे हे दाखवायला त्या आधीची आणि नंतरची सगळी अक्षरे तपासलेली असावी लागतात.

एवढा खटाटोप कशाला, असे त्या काळीही विचारले गेले. सिल्व्हें लेव्ही यांच्यासारख्या थोर फ्रेंच पंडिताने सुचवले होते की नीलकंठाचा प्रचलित पाठच छापावा आणि खाली पाठभेद द्यावेत. सूचना व्यवहारी होती. नीलकंठ चतुर्धर मूळचे गोदाकाठच्या कोपरगावचे, सतराव्या शतकात काशीत राहिलेले. त्यांनीही निरनिराळ्या प्रांतांतल्या पोथ्या जमवूनच आपली टीका सिद्ध केली होती. पण त्यांच्या मुद्रित पाठात कोणती ओळ कुठून आली हे वाचकाला कळायला मार्ग नव्हता. सुकथनकरांनी सूचना नाकारली आणि कारणे लिहून ठेवली. पुढे नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्याकडून आदिपर्वाची एक फार जुनी पोथी पुढे आली. आदिपर्वाचा खंड तोवर, १९३३ साली, छापून झाला होता. ती पोथी सुकथनकरांच्या पाठाला दुजोरा देणारी निघाली. जे त्यांनी बाजूला काढले होते ते बरेचसे तिच्यातही नव्हते.

दिरंगाईचा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. बारकाव्यांच्या नावाखाली काम कपाटात कुजवणारी माणसे आपल्या विद्यापीठांत कमी नाहीत. सुकथनकरांनी तसे केले नाही. १९२७ पासून आदिपर्वाचे भाग सुटे सुटे छापून लोकांपुढे येत राहिले, टीका होत राहिली, उत्तरे दिली गेली. १९४२ साली आरण्यकपर्व आले. मुंबई विद्यापीठासाठी महाभारताच्या अर्थावर त्यांनी चार व्याख्याने योजली होती. चौथे व्हायचे त्या दिवशी, २१ जानेवारी १९४३ रोजी, त्यांचे निधन झाले. अठरा वर्षे अक्षरे मोजणारा हा माणूस शेवटी अर्थाविषयी बोलत होता. इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ या आवृत्तीच्या आधारावर उभे राहिले. बारकाव्यात रुतलेल्याला समग्र दिसत नाही, असे म्हणणाऱ्यांनी सुकथनकरांची ती व्याख्याने आणि ‘युगान्त’ शेजारी ठेवून वाचावीत.

आज हा पाठ संगणकावर आहे. क्योटोच्या मुनेओ तोकुनागा यांनी तो टंकित केला, केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी तो पुन्हा तपासून सुधारला. पूर्वी एक चूक एका पोथीत शिरे आणि तिच्या नकलांतून सावकाश पसरे. आता ती दुपारपर्यंत लाखो फोनांवर पोचते, शिवाय खाली व्यासांचे नाव असते. आणि नेमक्या याच काळात वर्तमानपत्रांनी, प्रकाशकांनी आणि पाठ्यपुस्तके काढणाऱ्यांनी मुद्रितशोधकाची खुर्ची काढून टाकली आहे. पगार वाचवायला सर्वांत सोपी जागा तीच वाटते, कारण तो काय करतो हे चांगल्या पुस्तकात दिसत नाही. मला ही काटकसर अनर्थकारी वाटते. ज्या मुलाच्या इतिहासाच्या पुस्तकात सन चुकले आहे त्याला ते चुकले आहे हे सांगणारे घरात कोणी नसते. तो ते पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि त्याला गुण मिळतात. मुद्रितशोधक परत आणा, त्यांना नीट पगार द्या, त्यांचे नाव पुस्तकात छापा. आणि जिथे लेखकाला स्वतःच्या विधानाची खात्री नाही तिथे तसे त्या ओळीपाशीच लिहिण्याची मुभा त्याला असू द्या. संपादकांनी ती शंका खोडून वाक्य ठसठशीत करू नये.