तीन येन

खोटे बोलायला तोंड उघडावेच लागते असे नाही, हे मी सत्तरी उलटल्यावर टोकियोत शिकलो.

२०२५ च्या जूनमध्ये मी लेकीकडे गेलो होतो. तिकडे तेव्हा पावसाळा. लेक-जावई कामावर गेली की मी छत्री घेऊन निघे आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून एक गोड पाव घेई. आत लाल कडधान्याचे सारण. पुरणपोळीवर वाढलेल्या माणसाला ते परके वाटत नाही. पावाची किंमत दीडशे येन, त्यावर कर. आणि गंमत आहे ती इथेच. पाव घरी नेला तर कर शेकडा ८. दुकानातल्या खुर्चीवर बसून खाल्ला तर शेकडा १०. म्हणजे १६२ येन किंवा १६५. नुसते बसण्याचे तीन येन!

लेकीने बजावले होते, "बाबा, तिथं कुणी विचारत नाही हं. बसणार असाल तर आपण होऊन सांगायचं, अशी पाटी लावलीय."

एके दिवशी पाऊस फार होता. मी १६२ येन दिले, गप्प राहिलो आणि खिडकीशी जाऊन बसलो. कोणी हटकले नाही. मनाने मात्र लगेच माझे वकीलपत्र घेतले. "अरे, हे सरकार तरी कुठले साधू?"

वकील अगदीच खोटे बोलत नव्हता. हा कर १९८९ साली आला तेव्हा शेकडा ३ होता. १९९७ साली तो ५ झाला, २०१४ साली ८ आणि २०१९ साली १०. तिकडे दर डिसेंबरात लोकांच्या मतांनी वर्षाचे एक चित्राक्षर निवडतात आणि क्योतोच्या कियोमिझू मंदिराचे मुख्य भिक्षू ते भल्यामोठ्या कागदावर कुंचल्याने लिहितात. २०२३ साली निवडलेल्या अक्षराचा अर्थ होता 'कर'! २०११ च्या भूकंपाने आणि त्सुनामीने ईशान्य किनारा उद्ध्वस्त केला, तेव्हा पुनर्बांधणीसाठी लोकांच्या प्राप्तिकरावर पंचवीस वर्षांचा अधिभार बसला. पुढे उघड झाले की पुनर्बांधणीच्या रकमेतून सुमारे २३० कोटी येन संशोधनाच्या नावाने चालणाऱ्या देवमाशांच्या शिकारीकडे गेले. त्या किनाऱ्यावरच्या लोकांचा धंदाही त्यावर चालतो, असे सरकारचे म्हणणे.

इतक्यात लेकीच्या शेजारीणबाई आत आल्या. निवृत्त शिक्षिका, इंग्रजी बरे बोलतात. आदल्याच संध्याकाळी त्यांनी तासभर सरकारचे वाभाडे काढले होते. तांदूळ वर्षात दुप्पट महाग झाला, आणि त्यावर पुन्हा कर! जुलैत निवडणूक आहे, तेव्हा बघते, असेही म्हणाल्या होत्या. त्यांनी माझ्यासारखाच पाव घेतला, गल्ल्यावरच्या मुलीला काहीतरी सांगितले, तीन येन जास्त मोजले आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या.

मी म्हणालो, "काल तर तुम्ही सरकारवर फार रागावला होता!"

"रागावले आहेच," त्या म्हणाल्या. "पण खुर्चीवर मी बसले आहे ना?"

माझा वकील तिथेच खाली बसला.

मला वाटते, कराचा राग केवळ रकमेचा नसतो. त्या देशात शंभरातली एकोणतीस माणसे पासष्टीच्या पुढची आहेत. त्यांचे निवृत्तिवेतन आणि औषधपाणी कुठून तरी यायलाच हवे, हे शेजारीणबाईही जाणतात. लोक चिडतात ते शब्द मोडला म्हणून. सरकारने भूकंपग्रस्तांचे नाव सांगून पैसा देवमाशांकडे वळवला. मी पाव घरी नेतो असे भासवून खुर्ची अडवली. दोहोंच्या आकारात जमीनअस्मानाचे अंतर, पण गोत्र एकच. शिवाय माझ्या लबाडीने सरकारला शिक्षा होत नव्हती. माझे तीन येन शेजारीणबाईंसारख्यांच्या अंगावर पडत होते.

अर्थात निमूटपणे भरणे म्हणजेच सारे कर्तव्य, असेही नव्हे. भरणाऱ्याने हिशेब मागितलाच पाहिजे. त्या जुलैत लोकांनी तो मागितला. बहुतेक विरोधी पक्षांनी हा कर उतरवण्याची भाषा केली होती, आणि वरिष्ठ सभागृहातले सत्ताधारी आघाडीचे बहुमत गेले.

उठताना गल्ल्याशेजारी दानाची पेटी दिसली. तिच्यात तीन येन टाकले, पण समाधान झाले नाही. मी दान देणे लागत नव्हतो. कर देणे लागत होतो. कर्जाची फेड दानाने होत नाही.

त्या रात्री लेकीकडून दोन जपानी शब्द घोकून घेतले. दुसऱ्या दिवशी गल्ल्यापाशी मोठ्याने म्हणालो, "इथे बसणार!" पाव तोच, खुर्चीही तीच. पण त्या दिवशी शेजारीणबाईंबरोबर सरकारला नावे ठेवताना माझा आवाज चांगलाच चढला होता.