तीन किलोमीटरचं नशीब

एक कागद असतो. त्यावर काही सुटी अक्षरं, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकारानं २००५ पासून 'असर' नावाची पाहणी होते. तिच्यासाठी स्वयंसेवक हा कागद घेऊन खेड्यापाड्यांत मुलांच्या घरी जातात. मूल कुठवर वाचतं, एवढंच बघायचं. २०१८ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतली २७.३ टक्के मुलं ती गोष्ट वाचू शकली. करोनातल्या शाळाबंदीनंतर, २०२२ मध्ये, २०.५ टक्के.

हे आकडे आले की दोन दिवस बातम्या होतात, कोणी स्टेटस ठेवतं, मग संपतं. मला मात्र सरासरीपेक्षा सरासरीच्या पोटात काय आहे याचा त्रास होतो. जिल्हा परिषदेच्या दहा-पंधरा शाळा मिळून एक 'केंद्र' होतं, त्यावर एक केंद्रप्रमुख. नागपूर जिल्ह्यातल्या कुही, भिवापूर, पारशिवनी अशा कुठल्याही तालुक्यातलं एखादं केंद्र डोळ्यांपुढे आणा. सगळीकडे बालभारतीचं तेच पुस्तक, तीच खिचडी, शिक्षकांना तीच वेतनश्रेणी आणि तीच प्रशिक्षणं. तरी एका गावातली तिसरी घडाघडा वाचते आणि तीन किलोमीटरवरच्या गावातली तिसरी 'बगळा'तल्या 'ळ'पाशी अडून बसते. असं का, म्हणून विचारा. उत्तर ठरलेलं असतं : "तिथल्या बाई चांगल्या आहेत."

चांगल्या बाई मिळणं हे आपण नशीब म्हणून मान्य करून टाकलंय. पोलिओच्या डोसाबद्दल असं कोणी म्हणत नाही. एका गावाला नर्सबाई चांगल्या मिळाल्या म्हणून तिथल्या पोरांना डोस मिळाला, पुढच्या गावाचं नशीब खोटं, असं झालं तर आपण त्याला गुन्हा म्हणू. वाचनाच्या बाबतीत आपण मान हलवतो आणि ज्याला परवडतं तो आपलं मूल इंग्लिश मीडियमच्या व्हॅनमध्ये बसवतो. मागे उरतात ती ज्यांच्या आईबापांना तक्रार कुठे करायची हेच माहीत नाही अशी मुलं.

आणि हे नशीब तिसरीत थांबत नाही. तोपर्यंत मूल वाचायला शिकतं, त्यानंतर वाचून शिकतं. पाचवीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक ज्याला वाचताच येत नाही, त्याच्यासाठी पाचवी म्हणजे रोज पाच तास गप्प बसण्याची शिक्षा. ते मूल दंगा करत नाही, म्हणून दिसतही नाही.

तर मग शाळाशाळांमधला हा फरक घालवायचा. सगळ्या शाळा सारख्या करायच्या. इथवर कोणाचाच वाद नाही. वाद सुरू होतो तो 'सारखं' म्हणजे नेमकं काय सारखं, यावर.

पहिलं उत्तर : पद्धत सारखी करा. आपल्या राज्यानं हे जवळून पाहिलंय. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटात विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथले शिक्षक ज्ञानरचनावादी पद्धतीनं काम करत होते. मुलं स्वतः हाताळून, बोलून, चुका करून शिकत होती आणि हे एका शाळेत नाही, तर बीटातल्या शाळाशाळांत चाललं होतं. राज्यभरातले शिक्षक गाड्या करून ते बघायला गेले. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयानं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' सुरू झाला, त्यामागे या कामाचीही प्रेरणा होती. परत आलेल्या शिक्षकांनी बऱ्याच ठिकाणी सगळ्यात आधी काय केलं? वर्गाची फरशी रंगवली. अक्षरांची जाळी, अंकांचे चौकोन, बाराखडीची चक्रं. फरशीचा फोटो काढता येतो, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येतो, साहेब भेटीला आले की दाखवता येतो. पण एखादं मूल 'कि' आणि 'की' यांत का गोंधळतं, हे त्याच्याशेजारी बसून ओळखायची जी सवय तिथल्या शिक्षकांना लागली होती, तिचा फोटो निघत नाही. ती गाडीत बसून आली नाही. यात शिक्षकांची चेष्टा करायची नाही. दोन तासांच्या भेटीत जे डोळ्यांना दिसतं तेच माणूस घरी नेणार.

दुसरं उत्तर : पद्धत सोडा, निकाल सारखा मागा. चाचण्या, निकष, गुण. शाळा 'प्रगत' झाली की नाही ते ठरवा. या विचारात एक मोठी चांगली गोष्ट होती, ती म्हणजे 'हे पोरगंच ढ आहे' ही पळवाट त्यानं बंद केली. पण मग शंभर टक्के प्रगत झालेल्या शाळा जाहीर होऊ लागल्या, केंद्रं जाहीर होऊ लागली, आणि असरवाले कागद घेऊन घरी गेले की चित्र वेगळंच दिसायचं.

हा रोग काही मराठी नाही. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांनी नियम आणला की इन्स्पेक्टर येऊन मुलांचं वाचन, लेखन आणि गणित तपासणार आणि जितकी मुलं पास, तितकं शाळेला अनुदान. हिशेब एकदम सरळ. झालं असं, की शाळांनी पोरांकडून वाचनाचं पुस्तक पाठ करून घेतलं. पुस्तक हातात उलटं असलं तरी मूल घडाघडा 'वाचायचं'. कवी मॅथ्यू आर्नल्ड तेव्हा शाळा तपासनीस होते आणि आपल्या अहवालांतून ते याविरुद्ध लिहीत राहिले. ही पद्धत पूर्णपणे जायला त्या शतकाची अखेर उजाडली.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हे मला लगेच कळतं. डॅशबोर्ड लाल झाला की मॅनेजरचा फोन येणार असेल, तर डॅशबोर्ड लाल होत नाही. जी टेस्ट फेल होते ती कोणीतरी 'स्किप' करतं. यात कोणी बदमाश असावाच लागत नाही. माझी एक मामेबहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती एकदा म्हणाली, "लाल भरलं का मलेच बोलावतात. हिरवं भरलं तं कोणी इचारत नाही." या एका वाक्यावर मी बरेच दिवस विचार करतोय. कारण ती खोटारडी नाही. तिच्या वर्गात तिनं केलेलं काम मी पाहिलंय. पण तिच्यापुढे रोज एक छोटा नैतिक प्रश्न ठेवला जातो आणि खरं उत्तर देण्याची किंमत तिला एकटीलाच मोजावी लागते. अशी व्यवस्था उभी करणाऱ्याला तिच्या खोट्याबद्दल नाक मुरडण्याचा अधिकार उरतो का? मला वाटतं, नाही उरत.

मग शिक्षकांना मोकळं सोडायचं? 'त्यांना कळतं, त्यांना करू द्या'? हे ऐकायला छान वाटतं, पण त्याचा अर्थ पुन्हा तेच तीन किलोमीटरचं नशीब.

इथे बिहारमधली गोष्ट उपयोगी पडते. 'प्रथम'ची पद्धत अशी : रोज ठरावीक वेळ मुलांची इयत्ता विसरायची, वाचनाच्या पातळीप्रमाणे गट करायचे आणि जो जिथे आहे तिथून त्याला पुढे न्यायचं. अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वेगवेगळ्या राज्यांत तपासून पाहिली. २००८ च्या उन्हाळ्यात बिहारमधल्या सरकारी शिक्षकांनी महिनाभर शिबिरं घेतली, तेव्हा मुलांचं वाचन सुधारलं. पुढे शाळा सुरू असताना सरकारी शिक्षकांना तेच प्रशिक्षण आणि तेच साहित्य दिलं, तर काहीच फरक पडला नाही. मे-जूनमध्ये ज्यांना जमत होतं त्यांना जुलैमध्ये जमेना, असं तर होत नाही. शाळा सुरू झाली की त्यांच्यावर एकच काम असतं, ते म्हणजे पाठ्यपुस्तक 'पूर्ण' करणं. मागच्या बाकावरचं मूल वाचतं का, हे त्यांना कोणी विचारतच नव्हतं.

हरियाणात २०१२-१३ मध्ये याच पद्धतीला यश आलं. तिथे दोन गोष्टी बदलल्या होत्या. शाळेच्या दिवसात या कामासाठी वेगळा तास काढून दिला. आणि शिक्षकांवर देखरेख करणाऱ्या समन्वयकांनी आधी स्वतः पंधरा-वीस दिवस मुलांना शिकवलं. मला ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ज्या माणसानं स्वतः आठ दिवस झटून एखाद्या पोराला जोडाक्षर शिकवलंय, तो शिक्षकाला "अजून का झालं नाही?" असं वेगळ्या आवाजात विचारतो.

काही गोष्टी मात्र सारख्या करूच नयेत. नागपूरच्या आसपासच्या शाळेत मूल घरी 'मले', 'तुले', 'कायले' बोलतं. पुस्तकात छापलेलं असतं 'मला'. ते वाचताना मूल सहज म्हणतं 'मले'. तपासणीच्या तक्त्यात ही चूक. पण जरा थांबून बघा. ज्यानं 'मला' बघून 'मले' म्हटलं, त्याला शब्द कळलाय, अर्थ पोचलाय, त्यानं तो आपल्या भाषेत करूनही घेतलाय. 'म-ला' असं अक्षरं जोडून बरोबर म्हणणाऱ्या आणि अर्थ न लागणाऱ्या मुलापेक्षा तो पुढे आहे. हे तिथल्या मातीतल्या शिक्षकाला कळतं, छापील तक्त्याला कळत नाही. देवलापारकडे गोंडी घरातून आलेल्या मुलाला किंवा शहरातल्या महापालिकेच्या शाळेत छत्तीसगडहून आलेल्या मजुराच्या पोरीला सुरुवात आणखी वेगळीकडून करावी लागेल. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं, त्यात शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, लोकांत मिसळणारे आणि नांगराला हात लावायला न लाजणारे असावेत, अशी मागणी आहे. आज आपण ती जातीच्या प्रतिनिधित्वाची मागणी म्हणून वाचतो आणि ती आहेच. मला त्यात वाचन शिकवण्याची बाजूही दिसते : मुलाचं 'मले' ज्याच्या कानाला खटकत नाही असा शिक्षक.

म्हणून माझं म्हणणं असं, की सगळ्या शाळांत सारखी असावी ती खरं सांगण्याची मुभा. केंद्रातल्या प्रत्येक शिक्षकाला आपल्या वर्गातल्या न वाचणाऱ्या मुलांची नावं माहीत हवीत आणि ती मोठ्यानं सांगितल्यावर त्याची मान खाली जाता कामा नये. फरशी कशी रंगवायची, अक्षरं 'ग म भ न' या क्रमानं घ्यायची की दुसऱ्या, गोष्ट आधी की अक्षर आधी, यावर भांडू द्या त्यांना. यासाठी नवं काही उभारायलाही नको. केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला भरतेच. तिथे परिपत्रकं वाचण्याऐवजी प्रत्येकानं फक्त नावं आणली तर? टक्केवारी नको, नावं.

यावर मामेबहिणीचा आक्षेप तयार होता. "दोन महिन्यांत त्याचाही फॉरमॅट येईन," ती म्हणाली. "आणि समज मी सांगतलं, माया सात पोरांना वाचता येत नाही. बरं. त्या सातांना घेऊन मी तासभर बसली, तं बाकीच्यायकडे कोण पाह्यन? आमी दोघीच आहो चार वर्गांले."

त्या केंद्राचं केंद्रप्रमुखाचं पद तेव्हा रिकामं होतं. शेजारच्या केंद्राचे साहेब दोन्हीकडचं बघत होते.