अट कुणाची, घर कुणाचं?

"जागतिक बँक म्हणजे सावकारच," काका म्हणाले. ठाकुर्लीच्या चोळा पॉवर हाऊसमध्ये उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला उसन्या पैशांची रेल्वे रुचत नाही.

"मग हा सावकार जुना आहे," मधुरा म्हणाली. "भारताला बँकेनं पहिलं कर्ज दिलं तेच रेल्वे इंजिनांसाठी, 1949 मध्ये. आणि 1944 ला ब्रेटन वुड्सला बँकेचा पाया घातला गेला, तेव्हा आपले चिंतामणराव देशमुख तिथे होते."

"म्हणून व्याज माफ झालं का? तुमच्या लोकलच्या पासावर एमयूटीपीचा, म्हणजे मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाचा, अधिभार बसलाच ना!"

"बसला. पण रुळांलगतच्या लोकांचं बघा. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत घर हवं तर तेव्हा 1 जानेवारी 1995 चा पुरावा लागायचा. एमयूटीपीत सर्वेक्षणात नाव असलं की पुरे. 2002 च्या कर्जामागं बँकेची पुनर्वसनाची अट होती म्हणून. लाखभर माणसं हलली, 225 चौरस फुटांचं का होईना, घर मिळालं. आपल्या सरकारनं आपणहून दिलं असतं?"

"मानखुर्दच्या त्या इमारती पाहिल्यास? खालच्या मजल्यांवर दिवसा दिवा लावावा लागतो."

"म्हणून तर तक्रारी झाल्या. याच प्रकल्पातल्या सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यात जागा जाणारे कुर्ल्याचे दुकानदार 2004 मध्ये थेट बँकेच्या तपासणी पॅनेलकडे गेले. मार्च 2006 मध्ये बँकेनं रस्ते आणि पुनर्वसनाचे पैसे रोखले, मग इथली यंत्रणा हलली."

"तेच खुपतं मला! कुर्ल्याचा माणूस दाद मागायला वॉशिंग्टनला जातो. मग आपण मत कुणाला देतो? बँकेच्या संचालकांना आपण निवडलं नाही, काढूही शकत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये बँकेनं पैसे पुन्हा सोडले, तेही आपल्याला विचारून नाही."

इथं काकांची बाजू मला भारी वाटली. पण नगरसेवकाच्या दारात ताटकळलेल्या माणसाला ती कितपत पटेल, कोण जाणे.

"म्हणजे अट नको होती?"

"हवी होती गं. पण आपल्या कायद्यात. कर्जाबरोबर आलेला हक्क कर्जाबरोबर जातो. उद्या कल्याणकडे रूळ वाढले आणि पैसा सगळा देशी असला, तर कडेच्या घरांना कुठला कागद दाखवशील?"

"तेव्हा इथंच भांडावं लागेल, मान्य. पण घर मिळालेल्या बाईला 'तुझी अट चुकीच्या दारानं आली' असं मी सांगणार नाही. तुम्ही सांगाल?"

काका म्हणाले, "मी तिला विचारीन, तिचं पाणी रोज येतं का."