जागा कुणाची, भिंत कुणाची

नारायण पेठेतले जे जुने वाडे अजून बिल्डरच्या ताब्यात गेलेले नाहीत, त्यांच्या भिंतीवर एक पाटी हटकून दिसते : ‘येथे जाहिराती लावू नयेत.’ पुणेरी पाट्यांवर हसून झाले आहे. या पाटीत हसण्यासारखे काही नाही. भिंत माझी, तिच्यावर काय चिकटेल ते मी ठरवणार, एवढेच तिचे म्हणणे. क्लासवाले आणि ‘घरबसल्या कमवा’वाले रात्रीतून खळ लावून जातातच. सकाळी मालक तो कागद ओरबाडतो आणि त्यावरच्याच नंबरला फोन लावून दोन शब्द सुनावतो. त्याचे चुकले असे गल्लीत कुणी म्हणत नाही.

संगणकाच्या पडद्यापाशी आलो की मात्र हे साधे शहाणपण डळमळते. ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे यंत्र सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत जिच्या जोरावर बाकीचे सगळे चालते ती मूळ प्रणाली, लोकांना फुकट द्यावी आणि तिचा खर्च जाहिरातींतून काढावा, हे नीतीला धरून आहे का? बाजाराने आपले उत्तर केव्हाच देऊन टाकले. आपण ते फारसा विचार न करता खिशात घालून हिंडतो आहोत.

आधी जाहिरातीच्या बाजूने बोलतो, कारण तिला नावे ठेवणे फार सोपे आहे. मराठी वाचनावर तिचे उपकार थोडेथोडके नाहीत. १९२० साली किर्लोस्करवाडीहून निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ हे मुळात नांगर बनवणाऱ्या कारखान्याचे पत्रक. त्यातूनच शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर’ मासिक उभे केले आणि पुढे १९३० साली त्याच घरातून ‘स्त्री’ निघाले. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून जी प्रथा पाडली, ती आज कुणाच्या जिवावर चालते? दिवाळी अंकाच्या कुठल्याही संपादकाला विचारा, त्याला झोप लागत नाही ती लेखांच्या काळजीने की जाहिरातींच्या. सराफ, सहकारी बँका आणि मसालेवाले यांनी हात आखडता घेतला, तर कित्येक अंक स्टॉलवर येणारच नाहीत. १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. त्या काळी रेडिओचे लायसन पोस्टात जाऊन भरावे लागे, आणि वर साबणाची जाहिरातही ऐकावी लागे. कुणाचे काही बिघडले नाही. हा स्तंभ ज्या कागदावर छापला आहे त्याचे पैसेही काही अंशी शेजारच्या पानावरच्या दुकानदाराने दिलेले आहेत.

जाहिरात अजिबात नको, असे म्हणणारे गांधीजी होते. ११ फेब्रुवारी १९३३ रोजी ‘हरिजन’चा पहिला अंक पुण्यातूनच निघाला, गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना. त्यात जाहिराती घेतल्या जात नसत. आपल्या संपादकांनी गांधीजींना मनोभावे वंदन केले आणि जाहिरात विभाग चालू ठेवला. मी त्यांना दोष देणार नाही.

तरीही ऑपरेटिंग सिस्टीमची गोष्ट निराळी आहे. छापलेली जाहिरात वाचकाकडे बघत नाही. आपण पान उलटले, त्याच्यावर चहाचा कप ठेवला, शेवटी त्यात पोहे बांधले, तिला काही कळत नाही. साबणाची जाहिरात लागली की आजी उठून आमटीला फोडणी द्यायला जात, हे साबणवाल्याला आयुष्यात कळले नाही. ऑपरेटिंग सिस्टीम ही वाचायची किंवा ऐकायची वस्तू नव्हे. ती बसायची जागा आहे. तिथे बसून आपण बँकेचे खाते उघडतो, रक्ताचा रिपोर्ट बघतो, मुलीचे स्थळ शोधतो, राजीनामा लिहितो. ही जागा देणाऱ्याचे पोट जाहिरातीवर असेल, तर त्याला आपल्याकडे बघत राहणे भाग आहे. त्यासाठी तो दुष्ट असावा लागत नाही. कोण काय बघतो हे माहीत असेल तरच जाहिरातीला चढा भाव येतो, आणि ते त्याच्याइतके जवळून दुसऱ्या कुणालाच दिसत नाही.

हे आडून न करता उघड करून बघितलेले लोक आहेत. फेब्रुवारी १९९९ मध्ये अमेरिकेत ‘फ्री-पीसी’ नावाच्या कंपनीने दहा हजार कॉम्पॅक संगणक फुकट देऊ केले. बदल्यात घरची माहिती द्यायची, आवडीनिवडी सांगायच्या आणि पडद्याचा एक भाग कायम जाहिरातींना सोडायचा. अर्ज आले दहा लाखांच्या वर. त्याच वर्षअखेर कंपनी दुसरीत विलीन झाली आणि योजना गुंडाळली गेली. २०२३ साली ‘टेली’ नावाच्या कंपनीने तोच खेळ टीव्हीवर मांडला. टीव्ही फुकट; त्याच्या खाली जाहिरातींचा दुसरा पडदा, आणि तो झाकायचा नाही अशी अट. अट मोडली तर टीव्ही परत करा, नाहीतर पैसे मोजा. मला हा सौदा आवडत नाही, पण यात लपवाछपवी नाही हे कबूल केले पाहिजे.

लपवाछपवी हळूहळू येणाऱ्या प्रकारात आहे. मायक्रोसॉफ्टने २९ जुलै २०१५ पासून वर्षभर जुन्या विंडोजवाल्यांना विंडोज १० फुकट दिले. मागोमाग स्टार्ट मेनूत न मागितलेला कँडी क्रश येऊन बसला, आणि २०१६च्या फेब्रुवारीत कित्येकांच्या लॉक स्क्रीनवर एका व्हिडिओ गेमचे पोस्टर झळकले. एप्रिल २०२४ मध्ये विंडोज ११च्या स्टार्ट मेनूत ‘शिफारस’ या गोड नावाखाली दुकानातली ॲप्स येऊ लागली. आता गंमत बघा. नवा लॅपटॉप घेणाऱ्याने विंडोजचे पैसे लॅपटॉपच्या किमतीतच मोजलेले असतात, त्यालाही हे चुकत नाही. फुकटच्या बदल्यात जाहिरात, असा सौदा सांगितला जातो. पैसे घेऊनही जाहिरात दाखवता येते हे एकदा कळले की कोणती कंपनी थांबेल?

लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर एक डीटीपीचे दुकान आहे. जेमतेम तीन खुर्च्या, प्रुफांचा ढीग, भिंतीवर गेल्या वर्षीचे कॅलेंडर. तिथे बसणाऱ्या ताई परवा एका गृहस्थांच्या आईच्या तेराव्याचा मजकूर लावत होत्या. गृहस्थ शेजारी बसून ‘तीर्थरूप मातोश्री’ की ‘कै. सौ.’ यावर अडले होते. तेवढ्यात पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातून एक चौकोन वर सरकला : एका गेमचे आमंत्रण, रंगीत फुगे वगैरे. ताईंनी न बघता तो बंद केला, डास मारावा तसा, आणि विचारले, “काका, तिथी घालायची का?” सवय झाली आहे, एवढेच त्या म्हणाल्या. त्या सवयीचे मला त्या जाहिरातीपेक्षा जास्त वाईट वाटले. भिंतीवरचा कागद ओरबाडणाऱ्या पेठेत, कामाच्या टेबलावर येऊन पडलेला कागद कुणाचा, हे विचारायचेच बंद झाले आहे.

आणि हे सगळ्यांना सारखे भोगावे लागत नाही. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो महागडा फोन घेतो आणि शांतता विकत घेतो. शाओमीने २०१८ साली जाहीर केले की वस्तूंवर ५ टक्क्यांहून जास्त निव्वळ नफा आपण घेणार नाही. उरलेली कमाई इंटरनेट सेवांतून करू. त्या सेवांत जाहिराती आल्या. फोन स्वस्त झाला, त्याने लाखोंची सोय झाली, हे खरे. पण त्या स्वस्ताईची उरलेली रक्कम भरतो कोण? नारायण पेठेतल्या अभ्यासिकांत बघा. लातूर, बीड, परभणीकडची मुले कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करतात. लेक्चर फोनवर, नोट्स फोनवर, चालू घडामोडी फोनवर. ज्याचे लक्ष हेच भांडवल, त्याच्या लक्षातूनच वसुली. लॉक उघडण्याआधीच पडद्यावर कर्ज, कपडे आणि परवापर्यंत रमी. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली, म्हणून निदान रमी तरी कायद्याने गेली.

त्याच्या महिनाभर आधीची गोष्ट आठवत असेल. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला, चित्रफीत फिरली. पडद्यावर आपोआप आलेला गेम आपण बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा. पुढे त्यांचे कृषिखाते गेले. खरेखोटे करायला मी बसलेलो नाही. मला त्या खुलाशात वेगळेच काही दिसते. तीस वर्षांपूर्वी कुणा मंत्र्याने ‘पत्ते आपोआप हातात आले’ म्हटले असते, तर सभागृह खो खो हसले असते. आज हा बचाव निदान मांडता तरी येतो, कारण न बोलावलेला पाहुणा पडद्यावर येतो हा प्रत्येकाचा अनुभव आहे.

आता आपलाही हिशेब मांडू. पुण्यात असेंबल केलेला संगणक घेताना दुकानदार ‘विंडोज टाकून देतो’ म्हणायचा आणि आपण ‘पेजमेकर पण टाका’ म्हणायचो. कित्येक प्रकाशने, प्रबंध आणि लग्नपत्रिका त्या चोरीच्या प्रतींवर जुळल्या. लेखकाचे मानधन बुडवणाऱ्या प्रकाशकाबद्दल तावातावाने बोलणाऱ्या आपल्याला, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचेही मानधन असते हे सुचले नाही. ही माणसे पैसे देणार नाहीत हे कंपन्यांना आपणच शिकवले. मग त्यांनी दुसऱ्या वाटेने घेतले.

फुकटला तिसरी वाट नाही असे मात्र कुणी सांगू नये. २०००च्या सुमारास परदेशस्थ गोवेकरांनी वापरलेले संगणक गोव्यातल्या शाळांना मिळवून दिले आणि त्यांवर लिनक्स चालवले. केरळने आपल्या सरकारी शाळांचे संगणक मुक्त प्रणालीवर नेले ते आजतागायत तिथेच आहेत. इतके लांब तरी कशाला? पेठेतल्या डीटीपीवाल्यांना ‘श्री-लिपी’मुळे परिचित असलेल्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले ‘लोहित’ फाँट रेड हॅटने मुक्त परवान्याखाली खुले केले, म्हणून लिनक्सवर मराठी नीट दिसू लागली. त्यासाठी कुणाला जाहिरात बघावी लागली नाही.

पण तिकडेही सोवळे कायम राहिलेले नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये उबंटूच्या १२.१० आवृत्तीत स्वतःच्या संगणकावरची फाइल शोधायला शब्द टाइप केला, की तो कॅनॉनिकल कंपनीच्या सर्व्हरकडे जाई आणि निकालांत ॲमेझॉनवरच्या वस्तू दिसत. रिचर्ड स्टॉलमन यांनी याला सरळ हेरगिरी म्हटले. उबंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांचे उत्तर अशा अर्थाचे होते की, आमच्यावर विश्वास नाही म्हणता, पण तुमच्या यंत्राचा सर्वाधिकार तर आधीपासूनच आमच्याकडे आहे. इतके खरे बोलणारा उद्योगपती विरळा. २०१६च्या एप्रिलमध्ये आलेल्या आवृत्तीत हा शोध मुळातच बंद ठेवण्यात आला, कारण वापरणाऱ्यांनी आरडाओरडा केला. बिनपैशाच्या गिऱ्हाइकालाही तक्रारीचा हक्क असतो, आणि तो बजावला तर चालतो, हे त्यातून दिसले.

म्हणून माझे म्हणणे एवढेच : जाहिरात असू दे, पण जागा देणाऱ्याने भाव सांगितला पाहिजे. ॲमेझॉनने २०११ साली किंडल वाचकयंत्र दोन भावांत ठेवले. जाहिरातीविना १३९ डॉलर, जाहिरातींसह ११४. आपल्या लक्षाची किंमत २५ डॉलर, हे गिऱ्हाइकाला दुकानातच कळले. तापकीर गल्लीत फोन घेणाऱ्या मुलाला हे कुणी सांगत नाही. खोक्यावर रॅम, मेगापिक्सेल, बॅटरी सगळे छापलेले असते. जाहिरातींचा शब्द नसतो. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांवर नेम धरून जाहिराती दाखवायला मनाई करणारे कलम आहे. अभ्यासिकेतला मुलगा विशीचा आहे. तो कायद्याने सज्ञान आहे आणि खिशाने नाही.

१९७४ साली बिंदुमाधव जोशींनी याच शहरात ग्राहक पंचायत उभी केली. पाकिटावर वजन, किंमत आणि तारीख असलीच पाहिजे, हा आग्रह ग्राहक चळवळीचा. तिने आता आणखी एक ओळ मागावी. मजकूर मी देतो : ‘या फोनच्या मूळ प्रणालीत जाहिराती दिसतील. नको असल्यास जादा रुपये ____.’ आकडा कंपनीने भरावा.