मस्टरबाहेरचं गाव

कारखाना बंद पडला की सरकार कुणाचं काय देणं लागतं? या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे सत्तर वर्षांत बरंच बदलत गेलं आहे. पहिलं उत्तर एका छोट्या रेल्वेमुळे मिळालं. कुर्डुवाडी, बार्शी, लातूर या भागात धावणारी खासगी ‘बार्शी लाइट’ 1 जानेवारी 1954 रोजी सरकारनं ताब्यात घेतली. कंपनीनं त्याआधीच कामगारांना नोटिसा दिल्या होत्या. बहुतेकांना पुढे रेल्वेत सामावून घेतलं, पण जुन्या नोकरीच्या हिशेबाचा वाद कोर्टात गेला. कामगार कपात केली तर सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यायचा, अशी दुरुस्ती औद्योगिक विवाद कायद्यात 1953 मध्येच झाली होती. सर्वोच्च न्यायालयानं 1956 मध्ये निकाल दिला की, चालू धंद्यातून माणसं कमी करणं म्हणजे कपात. धंदाच गुंडाळला तर ही भरपाई लागू नाही. संसदेनं 1957 मध्ये कायदा बदलून ती फट बुजवली. यात सरकारनं फक्त माप ठरवून दिलं. पैसे मालकानं द्यायचे, आणि हिशेब मिळाला की विषय संपला.

पुढचं उत्तर आणीबाणीत आलं. 1976 च्या दुरुस्तीनं तीनशे किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला बंद होण्यासाठी सरकारची परवानगी बंधनकारक केली. मुंबईच्या एक्सेल वेअर या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवलं. मग 1982 मध्ये ते नव्यानं लिहिलं गेलं आणि मर्यादाही शंभरावर आणली. दार बंदच करू दिलं नाही तर कुणी रस्त्यावर येणार नाही, असा त्यामागचा विचार. पण परवानगी नाकारून यंत्रं चालत नाहीत, हे त्याच दशकात मुंबईच्या गिरणगावानं दाखवलं. जानेवारी 1982 मध्ये सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर कित्येक गिरण्या रीतसर बंद न होताच मरत गेल्या. कामगार कागदावर नोकरीत आणि घरी चूल थंड, अशी वर्षं गेली.

गिरण्यांनी मात्र एक नवी कल्पना पुढे आणली, ती जमिनीची. मुंबईच्या 1991 च्या विकास नियमावलीत गिरणीच्या जागेचे वाटे ठरले: काही शहराच्या मोकळ्या जागेला, काही म्हाडाच्या घरांना, उरलेलं मालकाला. कारखान्याखालच्या जमिनीवर आजूबाजूच्या वस्तीचाही हक्क आहे, हे नियमांत उतरलं. 2001 च्या बदलानं तो वाटा आटला. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज सुमारे दीड लाख आले आणि मोठी सोडत निघाली ती 2012 मध्ये. तोवर संपाला तीस वर्षं झाली होती.

उदारीकरणानंतर विचार कारखान्याकडून माणसाकडे सरकला. 1992 चा राष्ट्रीय नूतनीकरण निधी कामगारांना नवं कौशल्य शिकवणार होता. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग स्वेच्छानिवृत्तीचे धनादेश फाडण्यात गेला. 2005 मध्ये कर्मचारी राज्य विमा योजनेनं (ईएसआय) कारखाना बंद झाल्यानं बेकार झालेल्या विमाधारकाला भत्ता सुरू केला, आधी सहा महिने, पुढे दोन वर्षांपर्यंत. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेनं परवानगीची मर्यादा पुन्हा तीनशेवर नेली आणि कपात झालेल्यांसाठी पंधरा दिवसांच्या पगाराचा पुनर्कौशल्य निधी आणला.

या सगळ्या उत्तरांत एक गोष्ट तीच राहिली: मोजणी गेटच्या आत होते. चऱ्होलीसारख्या गावातून पाहिलं की तिची अपुरी बाजू दिसते. चऱ्होली बुद्रुक 1997 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. इंद्रायणीपलीकडची चऱ्होली खुर्द मात्र खेड तालुक्यात. भोसरी, चाकण, मरकळची शिफ्ट दोन्ही काठांवरून भरते. इथे कंपनीच्या आधारानं जगणारे सगळे तिच्या मस्टरवर नसतात. कंत्राटी हेल्पर, जॉबवर्क करणाऱ्या शॉपमधला ऑपरेटर, कर्जावर घेतलेल्या टेम्पोचा मालक, जमीन विकून आलेल्या पैशांत भाड्याच्या खोल्या बांधलेला शेतकरी, खानावळ चालवणारी बाई. ईएसआयचा भत्ता कायद्यानं कंत्राटी कामगारालाही मिळू शकतो, पण कंत्राटदार बंद होत नाही. तो दुसऱ्या दिवशी बोलावत नाही, एवढंच. उलट परमनंट कामगाराचा पगार बऱ्याचदा ईएसआयची 21 हजारांची मर्यादा ओलांडतो, म्हणून तोही बाहेर.

तळेगावात जनरल मोटर्सचं उत्पादन डिसेंबर 2020 मध्ये थांबलं आणि प्रकल्प जानेवारी 2024 मध्ये ह्युंदाईकडे गेला. मधल्या तीन वर्षांत वाद होता तो हजारावर कायम कामगारांच्या हक्कांचा, आणि तो रास्तच होता. सुटे भाग पुरवणाऱ्यांची, खोलीमालकांची यादी मात्र कुणी मागितली नाही, कारण ती मागणारं कलमच नाही. जर्मनीत तेव्हा जनरल मोटर्सच्याच असलेल्या ओपेलनं डिसेंबर 2014 मध्ये बोखुमचा कारखाना बंद केला, तेव्हा कामगारांना शिक्षण आणि नवी नोकरी शोधण्यासाठी ‘ट्रान्सफर कंपनी’त जाता आलं, आणि शहरानं ओपेलच्या भागीदारीत जागेच्या विकासासाठी वेगळी कंपनी काढली. त्यानं सगळ्यांचं भलं झालं असं नाही. पण माणूस आणि जागा यांचा विचार तिथे एकाच वेळी सुरू झाला.

आपल्याकडे त्यासाठी वेळ नाही असं म्हणता येत नाही. मोठ्या कारखान्यानं बंद होण्याआधी नव्वद दिवस अर्ज करावा, हे कायद्यातच आहे. हे दिवस आज ‘परवानगी द्यायची की नाही’ यात जातात. त्याच अर्जासोबत कंत्राटी कामगारांची नावं, पुरवठादार, त्यांची थकलेली बिलं आणि जमिनीचं पुढे काय होणार, एवढं मागितलं आणि महापालिका, ग्रामपंचायत यांना त्या सुनावणीत बसवलं, तर भत्ता कुणाला, प्रशिक्षण कुणाला आणि कर्जाच्या हप्त्याला सवलत कुणाला, हे गेटला कुलूप लागण्याआधी ठरवता येईल. कारखाना वाचवणं सरकारच्या हातात दर वेळी नसतं. त्याच्यावर कोण कोण जगत होतं, हे वेळेत विचारणं मात्र नक्कीच असतं.