नाशिवंत कलेचे ऋण

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात राहणाऱ्या माणसास टिकाऊपणाची थोरवी निराळी सांगावी लागत नाही. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकापासून उभे आहे आणि अजिंठ्याची चित्रे त्याहूनही जुनी आहेत. परंतु या चिरंतनतेत एक मोठी उणीव आहे. चित्रे उरली, ती काढणाऱ्या हाताने ज्याला घडवावे असा दुसरा हात मात्र उरला नाही. १८१९ साली अजिंठा इंग्रजांच्या दृष्टीस पडला. पुढे रॉबर्ट गिल याने या चित्रांच्या नकला करण्यात वर्षानुवर्षे वेचली, आणि त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. नकला पुन्हा करता आल्या. खंडित झालेली परंपरा मात्र नकलेने सांधता आली नाही.

आता याच शहरातील एखाद्या घराचे स्वयंपाकघर पाहावे. संक्रांतीच्या आधी मंद आचेवर परात ठेवून, खसखशीवर किंवा तिळावर थेंब थेंब पाक सोडीत, बोटांनी ते दाणे हलवीत राहिले म्हणजे हलव्याला काटा येतो. त्याचेच हार आणि बाजूबंद नव्या सुनेच्या अंगावर चढतात. लग्नघरी रव्याची कणीक दोन बोटांत वळून तांदळाएवढे गव्हले होतात आणि त्यांची खीर एका पंगतीत संपते. व्हिएतनाममध्येही शरदातील पौर्णिमेच्या सणास पपनसाच्या फोडींचा कुत्रा करतात, आणि पितरांसाठी कागदाच्या वस्तू करून त्या जाळतात. यांपैकी काहीही जपून ठेवण्यासाठी केलेले नसते. आणि म्हणूनच ते दरवर्षी नव्याने करावे लागते, करावे लागते म्हणून शिकवावे लागते. दगडाने कलाकृती राखली. नाशिवंतपणाने कला राखली.

परंतु आज रुखवत तयार विकत मिळते, भाड्यानेही मिळते. हलव्याचे दागिने दुकानात टांगलेले असतात. तेव्हा, 'मुलींनी हे शिकलेच पाहिजे' असे घरातील वडील मंडळी म्हणतात. हा आग्रह न्याय्य आहे काय?

प्रामाणिकपणे पाहिले तर ही परंपरा केवळ प्रेमाने चालत आली, असे म्हणवत नाही. जिला शाळा नव्हती तिला गव्हले होते. तिच्या बोटांच्या चपळाईवरून तिची किंमत ठरे. रुखवताच्या टेबलाशी वधूपित्याची ऐपतही मांडलेली असे. शिवाय हा वारसा मुलाच्या पदरी कोणी कधी घातला नाही. अशा स्थितीत, नोकरीवरून थकून आलेल्या मुलीस 'तू परंपरा मोडलीस' म्हणणे म्हणजे एकीच्या सक्तीचे कर्ज दुसरीकडून वसूल करणे होय.

तथापि सक्तीतून सुटणे निराळे आणि अज्ञानात राहणे निराळे. जिने परातीतला हलवा एकदाही हलविला नाही, तिने तो नाकारला असे म्हणता येत नाही. तिला तो मिळालाच नाही. म्हणून माझ्या मते येथे ऋण आहे ते घेणाऱ्यावर नाही, जाणत्यावर आहे. त्याने विद्या दाखवावी. चालविण्याची शपथ मागू नये. आणि ती दाखवताना कूळ, जात, मुलगा-मुलगी यांचा विचार करू नये. या शहराच्या हिमरूचे हातमाग आज मोजकेच उरले आहेत. याला कारणे अनेक असतील. पण एवढे खरे की जी विद्या थोड्या घरांतच राहते, ती त्या घरांची ओढाताण झाली की आटू लागते.

येत्या संक्रांतीस परात शेगडीवर चढेल तेव्हा मुलीबरोबर मुलालाही हाक मारावी. शेजारचे पोर आले तर त्यालाही बसवावे. बोटांना चटका बसेल, पहिला हलवा बिनकाट्याचा होईल. पुढच्या वर्षी त्यांनी तो दुकानातून आणला तरी रागावू नये. आणताना तो कोणाच्या तरी बोटांनी झाला आहे, एवढे त्यांना ठाऊक असेल. आणि करावासा वाटलाच, तर हात रिकामे नसतील.