भाक, भाकीत आणि अंदाज

मराठीत 'भाक' म्हणजे दिलेला शब्द, वचन. 'भाकीत' म्हणजे पुढे घडणाऱ्या गोष्टीविषयी आधीच उच्चारलेले विधान. दोन्ही शब्दांच्या मुळाशी बोलण्याचीच क्रिया आहे, आणि लोकव्यवहारात भाकितावर भाकेची छाया नेहमीच पडलेली असते. जो पुढचे सांगतो त्याने जणू तसे घडवून आणण्याची हमीच घेतली आहे, असे ऐकणाऱ्याला वाटते. फारसीतून मराठीत रुळलेला 'अंदाज' हा शब्द त्या मानाने विनम्र आहे. त्यात मोजमाप आहे, अदमास आहे आणि चुकण्याची मुभाही आहे. हवामानशास्त्राने आपल्या विधानांसाठी 'अंदाज' हा शब्द स्वीकारला, तो योग्यच होय. परंतु शास्त्राने शब्द निवडला म्हणून श्रोत्याची अपेक्षा बदलत नाही. शास्त्रज्ञ अंदाज सांगतो, शेतकरी भाकीत ऐकतो, आणि पीक हातचे गेल्यावर भाक मोडल्याचे दुःख त्याच्या मनात उरते. हे दुःख केवळ अज्ञानातून येते असे म्हणून मोकळे होता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या विचारासाठी पावसाळ्यापेक्षा वसंत ऋतू अधिक सोयीचा आहे. मोसमी पावसाचा अंदाज हा साऱ्या देशाचा विषय असतो. त्याच्याशी बाजार, धरणे आणि अंदाजपत्रके जोडलेली असतात. वसंतातील अंदाज मात्र एका तालुक्याचा, एका शिवाराचा, कित्येकदा एका बागेचा असतो. काव्यपरंपरेने चैत्र-वैशाखाला मोहोर, पालवी आणि कोकिळेचा स्वर बहाल केला. शेतकऱ्याच्या लेखी तो हिशेबाचा काळ आहे. गहू आणि हरभरा काढणीला आलेला असतो, कांदा शेतात पडलेला असतो, नाशिककडे द्राक्षांचे घड उतरत असतात, तासगावच्या परिसरात बेदाणा वाळत असतो, देवगड-रत्नागिरीकडे हापूसचे फळ धरलेले असते. खर्च होऊन चुकलेला आहे आणि उत्पन्न अद्याप हाती आलेले नाही, अशा नेमक्या अवस्थेत हा ऋतू शेतकऱ्याला गाठतो. पावसाळ्यात पावसाची प्रतीक्षा असते. वसंतात त्याचे भय असते.

'अवकाळी' हा आपला शब्दही लक्षात घेण्याजोगा आहे. जो आपल्या काळी आला नाही तो अवकाळी. म्हणजे या शब्दात निसर्गाविषयीचे निरीक्षण जेवढे आहे, तेवढाच एक नैतिक अभिप्रायही आहे. पाऊस स्वतः मात्र काळ-अकाळ जाणत नाही. कर्नाटकात कोडगूच्या कॉफीमळ्यांना फेब्रुवारी-मार्चमधील सरींचीच आस असते, कारण त्या सरींनी कळ्या उमलतात आणि पुढील पीक ठरते. तशीच सर तासगावच्या बेदाण्यावर आली तर दमट हवेत मण्यांचा रंग बिघडतो आणि मालाचा भाव उतरतो. एकाच्या भीतीचा विषय दुसऱ्याच्या आशेचा असतो. त्यामुळे 'हवामान चांगले राहील' हे विधान वस्तुतः अपुरे आहे. कोणासाठी चांगले, हे सांगितल्यावाचून त्याला अर्थ येत नाही.

पुढचे जाणून घेण्याची धडपड फार जुनी आहे. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त मेघांच्या गर्भधारणेचा विचार आहे. गर्भाची लक्षणे दिसल्यापासून १९५ दिवसांनी वृष्टी होते, असे गणित तेथे मांडले आहे. मराठी मुलखात सहदेव-भाडळीच्या नावावर पर्जन्याची वचने चालत आली. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय तृतीयेला शेतात घट मांडतात, भोवती निरनिराळी धान्ये ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या स्थितीवरून वर्षाचे पीकपाणी सांगतात. या परंपरांची शास्त्रीय चिकित्सा व्हावी आणि ती झालीही आहे. त्या चिकित्सेत सहसा न येणारी एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. त्या भाकितात सांगणारा आणि ऐकणारा एकाच मातीवर उभे असतात. भाकीत फसले तर सांगणाऱ्याच्या शेतातही पाऊस नसतो. ज्ञान म्हणून ते दुर्बळ असेल, परंतु जोखमीची भागीदारी त्यात आहे. आधुनिक अंदाजाने ज्ञान बळकट केले आणि ही भागीदारी तोडली. अंदाज वर्तवणाऱ्याचे वेतन अंदाजावर अवलंबून नसते, शेतकऱ्याचे वर्ष मात्र त्यावर अवलंबून असू शकते. नैतिक प्रश्नाचा उगम या विषमतेत आहे.

आधुनिक अंदाजाच्या जन्मकथेतही हा पेच दिसतो. इंग्लंडमध्ये रॉबर्ट फिट्झरॉय या नौदल अधिकाऱ्याने १८६१ साली वृत्तपत्रांतून दैनंदिन हवामानाचे अंदाज प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. आपली विधाने म्हणजे भविष्यवाणी नव्हे, ती निरीक्षण आणि गणित यांवर आधारलेली मते आहेत, हे त्याने आवर्जून सांगितले आणि त्यासाठी इंग्रजीत वेगळा शब्द रूढ केला. लोकांनी तरीही त्याला भविष्यवेत्त्याच्याच मापाने मोजले. १८६५ मध्ये त्याने आत्महत्या केली. पुढील वर्षी, या विधानांना पुरेसा शास्त्रीय पाया नाही असे ठरवून, अंदाज आणि वादळाचे इशारे दोन्ही थांबवण्यात आले. समुद्रावर जाणाऱ्यांनी इशारे परत मागितले आणि १८६७ मध्ये ते पुन्हा सुरू करावे लागले. विद्वानांना अपुरे ज्ञान देण्याची लाज वाटली, तर ज्यांचा जीव धोक्यात होता त्यांना अपुरे ज्ञानही हवे होते. मौन हा दोषमुक्त पर्याय नसतो, हे या घटनेतून स्पष्ट होते. इशारा दिला नाही की 'धोका नाही' असाच त्याचा अर्थ घेतला जातो.

भारतात हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. पुण्यात १९३२ मध्ये कृषी-हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि एल. ए. रामदास यांनी त्याची पायाभरणी केली. १९४५ पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानवृत्त प्रसारित होऊ लागले. २०१९ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती 'मेघदूत' नावाचे भ्रमणध्वनी-उपयोजन आले. कालिदासाच्या काव्यात निरोप मेघाकरवी पाठवला जातो. येथे निरोप मेघाविषयीचाच आहे. साहित्याच्या अभ्यासकाला या नामकरणाचे कौतुक वाटावे. परंतु निरोपाविषयी विचारण्याचा प्रश्न तोच राहतो: तो ज्याच्यासाठी पाठवला, त्याला तो कळला काय?

या दृष्टीने अंदाजाची भाषा तपासावी लागते. 'मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता' हे वाक्य आपल्या परिचयाचे आहे. हवामान खात्याच्या परिभाषेत 'तुरळक ठिकाणी' याला निश्चित अर्थ आहे: त्या विभागातील जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. त्यापुढे २६ ते ५०, ५१ ते ७५ आणि त्याहून अधिक अशा पायऱ्या आहेत. बोलीत मात्र 'तुरळक' म्हणजे जवळजवळ नाहीच. परिभाषेचा शब्द प्रमाण सांगतो, बोलीचा शब्द दिलासा देतो. चार गावांपैकी एका गावात पाऊस पडू शकेल, हे ज्याला सांगायचे होते त्याच्यापर्यंत 'काळजीचे कारण नाही' एवढेच पोहोचते. येथे कोणी असत्य बोललेले नाही. तरीही श्रोत्याची फसगत होते. सत्य विधान करणे आणि सत्य पोहोचवणे ही दोन निरनिराळी कर्तव्ये आहेत, आणि पहिले पार पाडल्याने दुसऱ्यातून सुटका होत नाही.

मग उपाय म्हणून अंदाज अधिक ठाम करावा काय? अनेकांची मागणी तशीच असते. पाऊस पडणार की नाही, एवढेच सांगा. ही मागणी समजण्यासारखी असली तरी तिच्यात शेतकऱ्याचाच एक अधिकार गमावला जातो. समजा, पावसाची शक्यता २० टक्के आहे. एका शेतकऱ्याचा एक लाख रुपयांचा कांदा उघड्यावर आहे आणि ताडपत्री व मजुरी मिळून दहा हजारांत तो झाकता येतो. शंभरात वीस वेळा एक लाखाचे नुकसान, म्हणजे सरासरीने वीस हजारांचा धोका. तेव्हा दहा हजार खर्चून झाकणे शहाणपणाचे. दुसऱ्याला तेवढाच माल वाचवण्यासाठी मजूर आणि वाहन मिळून पन्नास हजार लागणार आहेत. त्याने न झाकणेच योग्य. तिसऱ्याच्या परसबागेत दोन-चार रोपे आहेत. त्याचे काही बिघडत नाही. अंदाज एकच, निर्णय तीन, आणि तिन्ही बरोबर. अंदाज वर्तवणाऱ्याने 'पाऊस नाही' असे ठामपणे सांगितले, तर पहिल्याचा निर्णय त्याने परस्पर घेऊन टाकला, आणि तोही चुकीचा. म्हणून अनिश्चितता उघड करणे यात ऐकणाऱ्याच्या विवेकाचा आदर आहे. शेतकऱ्याला टक्केवारी कळणार नाही, हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. जो दरवर्षी बियाणे मातीत टाकून आभाळाकडे पाहतो, त्याला संभवाचा विचार कोणी शिकवावा?

यातून एक अवघड प्रश्न मात्र उभा राहतो. संभवाच्या भाषेत सांगितलेले विधान एखाद्या दिवशी खोटे ठरत नाही. २० टक्के म्हटले आणि पाऊस आला तरी अंदाज चुकला असे म्हणता येत नाही. मग या भाषेआड उत्तरदायित्व लपणार नाही काय? २०१७ च्या पावसाळ्यात बीड जिल्ह्यातील काही शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती. चांगल्या पावसाच्या अंदाजावर पेरणी केली आणि पाऊस आला नाही, असे त्यांचे गाऱ्हाणे होते. हा प्रसंग वसंतातला नव्हे आणि कायद्याच्या दृष्टीने त्या तक्रारीचे काय व्हावे हाही येथील विषय नव्हे. परंतु तिची थट्टा करणाऱ्यांना तिच्यातील नैतिक आशय दिसला नाही. ज्याच्या शब्दावर आम्ही बियाणे मातीत टाकले त्याने आम्हाला उत्तर द्यावे, ही ती मागणी होती. या मागणीला उत्तर आहे, परंतु ते एका दिवसाच्या हिशेबात मिळत नाही. ज्या शंभर दिवशी २० टक्के सांगितले, त्यांपैकी साधारण वीस दिवशी पाऊस पडला काय, हे मोजता येते. अंदाज देणाऱ्याने हा लेखाजोखा गावोगावी, समजेल अशा भाषेत मांडला पाहिजे. ज्याचे विधान एकेका दिवशी तपासता येत नाही, त्याने आपली संपूर्ण वही उघडी ठेवणे हेच त्याचे उत्तरदायित्व होय.

शास्त्राची मर्यादाही येथे प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात झालेल्या गारपिटीने उभी पिके आणि फळबागा झोडपून काढल्या. गारांचा पट्टा बहुधा काही किलोमीटर रुंदीचाच असतो. एका बांधावर विध्वंस आणि पलीकडे कोरडे शिवार, असे दृश्य दिसते. २०२५ मध्ये देशात सहा किलोमीटरच्या जाळीवर चालणारी अंदाजप्रणाली कार्यान्वित झाली. ही मोठीच प्रगती आहे, तरी गार नेमकी कोणत्या बागेवर पडेल हे चार दिवस आधी सांगण्याची शक्ती तिच्यात नाही. रडारच्या आधारे दोन-तीन तास आधी इशारा देता येतो. तेवढ्या वेळात ताडपत्री टाकता येते, गुरे आत घेता येतात; द्राक्षबाग उचलून घरात आणता येत नाही.

म्हणूनच सारा भार अंदाजावर टाकणे हीसुद्धा एक पळवाट ठरते. हवामानावर आधारित फळपीक विम्यात नुकसानभरपाई प्रामुख्याने महसूल मंडळातील संदर्भ-केंद्राच्या नोंदींवर ठरते. केंद्रावर पाऊस पडला नाही आणि बागेवर पडला, तर बागायतदाराचे नुकसान खरे असूनही कागदावर ते घडलेलेच नसते. कृषी विज्ञान केंद्रांमध्ये उभारलेले जिल्हास्तरीय कृषी-हवामान विभाग अंदाजाचे रूपांतर स्थानिक सल्ल्यात करत असत; मार्च २०२४ मध्ये ते बंद करण्यात आले. यंत्राची जाळी बारीक होत असताना, तिचा अर्थ तालुक्याच्या बोलीत सांगणारा माणूस दूर गेला. ज्ञान वाढवणे आणि ज्ञान पोहोचवणे यांतील दुसऱ्या कामाला आपण सतत दुय्यम मानत आलो, त्याचा हा परिणाम होय.

सारांश, अंदाज कधीही भाक होऊ शकत नाही. आभाळाच्या वतीने वचन देण्याचा अधिकार कोणालाच नाही. परंतु अंदाजाच्या पाठीशी एक भाक असू शकते आणि ती असली पाहिजे. सांगणाऱ्याने वचन द्यावे की जे ठाऊक आहे ते वेळेवर, ऐकणाऱ्याच्या भाषेत आणि त्यातील संशयासह सांगू. ऐकणाऱ्याने संशयाला सामर्थ्याचा अभाव समजू नये आणि निर्णय आपल्या हाती ठेवावा. आणि ज्यांचे अन्न या निर्णयांतून येते त्या समाजाने वचन द्यावे की योग्य विचार करूनही ज्याचे पीक गेले, त्याला त्या नुकसानीत एकटे सोडणार नाही. यांपैकी पहिल्या दोन वचनांविषयी आपल्याकडे थोडीफार चर्चा होते. तिसरे वचन मात्र दर वर्षी फाल्गुनात गारा पडल्यावर दिले जाते आणि मृगाच्या सरींबरोबर विस्मरणात जाते.